भूशास्त्राचं इंग्रजी: शब्द पाठ आहेत, तरी परिच्छेद का अडतो?

साक्री तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र. पुस्तकामागची शब्दसूची वहीत उतरवून तिनं पाठ केली आहे. तरी इंग्रजी परिच्छेद वाचताना अर्थ निसटतो आणि लिहायला बसलं की वाक्य पुढं सरकत नाही. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. शब्द कसे शिकायचे, रोज किती शिकायचे आणि मराठी संज्ञा आता सोडून द्यायच्या का, असं तिनं विचारलंय.

मी खान्देशातच भूशास्त्र शिकवते आणि विहिरींच्या सर्वेक्षणाची कामंही करत आले आहे. तुझ्यासारखी मुलं दर वर्षी वर्गात असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अडचण नेमकी कुठं आहे ते पाहू. बेसॉल्ट, मॅग्मा, झिओलाइट, अ‍ॅक्विफर हे शब्द तुला छळत नाहीत. ते एकाच अर्थाचे आहेत, एकदा कळले की कळले. छळतात ते साधे शब्द, जे तुला पाचवीपासून येतात असं वाटतं. फॉल्ट म्हणजे चूक, हे डोक्यात पक्कं असतं. इथं फॉल्ट म्हणजे अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकलेले आहेत. आपल्या तापी खोऱ्याच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असा मोठा फॉल्ट आहे. रिलीफ म्हणजे आराम नव्हे, जमिनीचा उंचसखलपणा. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर आणि प्रकाशाजवळ तापीचं पात्र त्याच्या कितीतरी खाली, हा झाला हाय रिलीफ. स्ट्राइक म्हणजे संप नव्हे. कललेल्या थराचा पृष्ठभाग आडव्या सपाटीला ज्या रेषेत छेदतो, त्या रेषेची दिशा. कंट्री रॉक म्हणजे देशी दगड नव्हे. डाइक म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या मॅग्माची भिंत; तो ज्या खडकात घुसला, तो आधीपासूनचा खडक म्हणजे कंट्री रॉक. फ्रेश रॉक म्हणजे न कुजलेला, न झिजलेला खडक. मग तो साडेसहा कोटी वर्षांचा का असेना. फ्लोट म्हणजे मूळ जागेवरून सुटून आलेला धोंडा, ज्याच्यावरून जागच्या खडकाबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो. पूअरली सॉर्टेड म्हणजे बारीक-मोठे कण एकत्र मिसळलेला गाळ. कॉम्पिटंट बेड म्हणजे दाब आला तरी सहजी न दबणारा, आपली जाडी टिकवणारा थर.

या शब्दांपाशी तू थांबत नाहीस, कारण ते ओळखीचे वाटतात. शब्दकोशही उघडत नाहीस. आणि पूअरली सॉर्टेडमधला ‘पूअर’ म्हणजे काहीतरी वाईट, असं समजून पुढं गेलं की सगळा परिच्छेद वाकडा होतो. म्हणून वहीची पहिली पंचवीस-तीस पानं अशाच शब्दांना दे. डावीकडं बाजारातला अर्थ, उजवीकडं खडकातला अर्थ आणि खाली एक पूर्ण इंग्रजी वाक्य. बेड, जॉइंट, फोल्ड, लोड, हेड, यील्ड, ग्रेड, सिल, ट्रॅप, मॅच्युअर हे सगळे तिथं येतील. यील्ड तर तुमच्या घरात दोन अर्थांनी वावरतो: कापसाचा एकरी उतारा तो यील्ड आणि विहीर तासाला किती पाणी देते तोही यील्ड. त्याला स्पेसिफिक हा शब्द जोडला की तिसराच अर्थ निघतो. जमिनीत साठलेल्या पाण्यापैकी निव्वळ गुरुत्वाकर्षणानं किती निथळून येईल, त्याचं त्या खडकाच्या किंवा मातीच्या एकूण आकारमानाशी असलेलं प्रमाण ते स्पेसिफिक यील्ड. परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात.

दुसरी गोष्ट, शब्द सुटे शिकू नकोस, जोडीनं शिक. पोरॉसिटी एकटी पाठ केलीस तर ‘सच्छिद्रता’ एवढंच राहील. तिला पर्मिएबिलिटीशेजारी, म्हणजे पार्यतेशेजारी बसव आणि आपली काळी जमीन आठव. काळ्या मातीत चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की एकूण पोकळी भरपूर असते. पण पोकळ्या इतक्या चिंचोळ्या, की पाणी त्यातून सरकता सरकत नाही. पावसाळ्यात वावरात पाणी साचून राहतं ते याचमुळं. म्हणजे पोरॉसिटी हाय, पर्मिएबिलिटी लो. विहिरीत जो भोकाभोकांचा बेसॉल्ट लागतो, त्यातही तेच. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेली ती भोकं, त्यांना व्हेसिकल म्हणतात. भोकं एकमेकांना जोडलेली नसतील तर खडक सच्छिद्र असूनही पाणी देत नाही. पाणी द्यायचं काम सांधे आणि भेगा करतात. ही विहीर डोळ्यांपुढं असेल तर दोन्ही शब्द जन्मात विसरणार नाहीत.

अशा जोड्या पुष्कळ आहेत. वेदरिंग आणि इरोजन: पहिल्यात खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, दुसऱ्यात तो माल पाणी-वारा उचलून नेतो. खडकाचा मुरूम झाला ते वेदरिंग, तो मुरूम पांझरेच्या पुरात वाहून गेला ते इरोजन. शाळेत तू नदीचं कार्य शिकलीस: खनन, वहन, संचयन. तेच इथं इरोजन, ट्रान्सपोर्टेशन, डिपॉझिशन म्हणून येतं. नवीन काही शिकायचं नाही, फक्त जोडायचं. मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी ही आणखी एक जोडी. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. त्याचं मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा मूळ आकार, सुटलेल्या ऊर्जेचं माप, एकच. पण इंटेन्सिटी, म्हणजे गावोगावी किती हादरलं आणि काय पडझड झाली, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. दोन्हींना आपण मराठीत सरसकट ‘तीव्रता’ म्हणून मोकळे होतो, तिथंच घोटाळा होतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे तुझ्या शब्दसूचीत नाहीच: क्रियापदं आणि त्यांच्यामागचे चिमुकले शब्द. तू लिहितेस की वाक्य पुढं सरकत नाही. सरकणार कसं? सूचीत सगळी नामं आहेत, आणि वाक्य चालतं क्रियापदावर.

भूशास्त्रीय अहवालाची क्रियापदं मोजकीच असतात आणि तीच ती परत येतात. ‘द एरिया इज अंडरलेन बाय बेसॉल्ट’, म्हणजे या भागाखाली बेसॉल्ट आहे. ‘अलूव्हियम ओव्हरलाइज द बेसॉल्ट’, म्हणजे बेसॉल्टवर गाळाचा थर आहे. ‘द फ्लोज आर इंट्रूडेड बाय डाइक्स’, म्हणजे लाव्हाच्या थरांत डाइक घुसले आहेत. ‘द डाइक्स ट्रेंड ईएनई–डब्ल्यूएसडब्ल्यू’, म्हणजे त्यांची रांग पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडं जाते. ‘बेसॉल्ट इज एक्स्पोज्ड अलाँग द रिव्हर सेक्शन’, म्हणजे नदीच्या काठाला तो उघडा पडला आहे. ही पाच वाक्यं तू नंदुरबार-साक्रीच्या रस्त्यावरून जाताना म्हणू शकतेस, कारण त्या भागात डाइकच्या काळ्या रांगा भिंतींसारख्या उभ्या आहेत आणि त्यांची दिशा साधारण तीच आहे. एवढा चांगला वर्ग फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो.

मग याच साच्यांत आपापली ठिकाणं घालायची. रावेर-यावल-चोपड्याकडं सातपुड्याच्या पायथ्याला मोठे धोंडे, गोटे, वाळू आणि माती मिसळलेला पट्टा आहे. अहवालात त्याला बझाडा म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश. डोंगरातून उतरणारे नाले तिथं आपला माल टाकतात आणि पाणी मुरवतात, म्हणून तो रिचार्ज झोन. त्याच्या दक्षिणेला तापीचा जाड गाळ आणि त्यावर केळीच्या बागा. केळीला पाणी भरपूर लागतं, उपसा वाढला आणि पाणीपातळी खोल गेली. आता हे इंग्रजीत मांड. बझाडाचं वर्णन ‘कन्सिस्ट्स ऑफ’नं होईल, मुरण्याचं ‘फॅसिलिटेट्स रिचार्ज’नं, पातळी खोल जाण्याचं ‘इज अ‍ॅट्रिब्यूटेड टू’नं. लक्षात ठेव: कन्सिस्ट्सला ऑफ लागतं, कंपोज्डलाही ऑफ लागतं, पण कॉम्प्राइजेसला लागत नाही. हे चिमुकले शब्द क्रियापदाच्या पोटातच पाठ करायचे असतात. मागाहून जोडायला गेलं की चुकतात.

न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात सगळ्याच विषयांत परत परत येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. शब्दकुटुंब म्हणजे एक शब्द आणि त्याची रूपं: व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन, व्हेरिड. या यादीत एकही खडक नाही. डिराइव्ह, इंडिकेट, ऑकर, एस्टिमेट, डिस्ट्रिब्यूट, सिग्निफिकंट असले शब्द आहेत. यादी मोफत मिळते. मात्र ती अ ते ज्ञ घोकू नकोस, तिचा उपयोग गाळणीसारखा कर. एखादा अहवाल वाचताना अडलेला शब्द यादीत असेल तर तो आधी शिकायचा, कारण तो पुढच्या पानावर पुन्हा भेटणार. यादीत नाही आणि खडकाचाही नाही, तर खुशाल सोडून दे.

याच कुळातले आणखी काही शब्द आहेत, त्यांच्याबद्दल मला फार कळकळ आहे. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत ते जवळजवळ सापडतच नाहीत. सजेस्ट, इंडिकेट, इन्फर, इज असोशिएटेड विथ, कॉन्ट्रिब्यूट्स टू, मे हॅव. शास्त्रज्ञ किती ठामपणे बोलतो आहे, हे या शब्दांवरून कळतं. दख्खनच्या लाव्हाचंच घे. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास डायनोसॉर नाहीसे झाले. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनी आदळल्याची कल्पना मांडली आणि पुढं मेक्सिकोत चिक्सुलुबचं विवर ओळखलं गेलं. दख्खनच्या ज्वालामुखीचा त्या विनाशात किती वाटा, यावर आजही वाद आहे. म्हणून ‘डेक्कन व्होल्कॅनिझम कॉज्ड द एक्स्टिंक्शन’ लिहिणं हा एक दावा झाला आणि ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टू’ लिहिणं हा दुसरा. मराठीत आपण ‘मुळे’ हा प्रत्यय लावून दोन्ही एकाच दमात म्हणतो. इंग्रजी शोधनिबंधात त्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वाचताना या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मार, लेखक कुठं ठाम आहे आणि कुठं हातचं राखून बोलतोय ते दिसेल. विहिरीच्या बाबतीतही हेच: ‘पिवळसर मुरूम इंडिकेट्स वेदरिंग’ म्हणता येतं, पण ‘प्रूव्हज वॉटर’ नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगते, कारण गोंधळ फक्त सवयीचा आहे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. ६६ मिलियन म्हणजे ६ कोटी ६० लाख. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन म्हणजे ४५४ कोटी वर्षं. वाचताना दर वेळी मनात कोटीत फिरवत बसलीस तर वेग मोडतो. आठ-दहा ठरावीक वयं थेट मिलियनमध्येच ओळखीची करून घे, बाकीची त्यांच्या मागं-पुढं बसव.

ग्रीक-लॅटिन मुळांबद्दल पुस्तकं फार सांगतात. उपयोग आहे, पण मर्यादित. लिथो म्हणजे दगड, हायड्रो म्हणजे पाणी, मॉर्फ म्हणजे रूप, आयसो म्हणजे सारखं, एवढी पंधरा-वीस मुळं आली की पुरे. तुला संस्कृतचा थोडा गंध असेल तर गंमत वाटेल: इग्नियसच्या पोटातला लॅटिन इग्निस आणि आपला अग्नी एकाच घराण्यातले आहेत. सेडिमेंटच्या मुळाशी बसण्याचा धातू आहे, आपल्या ‘सदन’मधल्या सद् धातूचा नातलग. ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. अजिंठ्याच्या किंवा सातपुड्याच्या रांगेकडं लांबून पाहिलंस की पायऱ्या आपोआप दिसतात. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. तापवल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं, ते पाहून स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिलं. जळगाव परिसरातल्या बेसॉल्टच्या खाणींतून निघणारे अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. स्टिलबाइट झिओलाइटच आहे, अ‍ॅपोफिलाइट त्याच्या सोबतीला त्याच पोकळीत वाढतो. मात्र मुळावरून अर्थ ओढून ताणून काढायच्या नादी लागू नकोस. मूळ आठवणीला मदत करतं, व्याख्या देत नाही.

आता वाचायचं काय? पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करू नकोस. त्यात आल्प्स आणि अ‍ॅपलेशियन असतात. जागा अनोळखी आणि भाषाही अनोळखी, दोन्हीकडून कोंडी. केंद्रीय भूजल मंडळानं जिल्हावार भूजल माहितीपुस्तिका इंग्रजीत काढल्या आहेत, त्या संगणकावर मोफत मिळतात. धुळ्याची घे, मग जळगाव, मग नंदुरबार. पांझरा, बोरी, गिरणा, अनेर ही नावं तुला ठाऊक आहेत, खडक पायाखालचा आहे, त्यामुळं अनोळखी उरते ती फक्त भाषा. तिन्ही पुस्तिकांची मांडणी सारखीच असते: पाऊस, भूरचना, खडक, पाणीपातळी, पाण्याची प्रत. एकच साचा तीनदा वाचला की वाक्यरचना कानात बसते. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जिल्हा नकाशे आणि त्यांच्या कडेचा मजकूर. शोधनिबंध सगळ्यांत शेवटी, आणि तेही आधी फक्त गोषवारे.

वाचलेलं परत लिहून काढायची एक रीत मी वर्गात लावते. गावातल्या उघड्या विहिरीच्या काठावर जायचं, कुणाला तरी सोबत घेऊन, आणि वरून खालपर्यंत काय दिसतं ते आधी मराठीत लिहायचं: काळी माती, खाली पांढरट चुनखडीचे खडे, मुरूम, मग भोकांचा मऊ खडक, मधे लाल थर, खाली निबर काळा कातळ. पुढं तेच इंग्रजीत. ब्लॅक कॉटन सॉइल, कंकर, मुरूम, अ‍ॅमिग्डलॉइडल बेसॉल्ट, रेड बोल, मॅसिव्ह बेसॉल्ट. बघ, कंकर आणि मुरूम हे तर आपलेच शब्द भारतातल्या इंग्रजी अहवालांत जसेच्या तसे चालतात. जाडी मीटरमध्ये घाल, कशावर काय आहे ते ओव्हरलाइज आणि अंडरलेननं सांग, पाणी कुठून पाझरतं ते ‘सीपेज ऑकर्स अलाँग’नं. दहा ओळी होतात. त्या कुणा शिक्षकाकडून तपासून घे आणि मग दुसऱ्या विहिरीवर जा. विहीर खोदणाऱ्या माणसाशी बोल. थर किती फुटांवर बदलला हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

उच्चाराकडं दुर्लक्ष करू नकोस, तोंडी परीक्षेत तो उपयोगी पडतो. नाइस या खडकाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा जी मुका आहे. डेब्रीमधला शेवटचा एस मुका आहे. फेशीज एकवचनही आहे आणि अनेकवचनही. स्ट्रॅटम एक, स्ट्रॅटा अनेक; फिनॉमिनन एक, फिनॉमिना अनेक. एव्हिडन्स आणि इन्फर्मेशन यांना अनेकवचनाचा एस लावू नये. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातली भूशास्त्राची व्याख्यानं पडद्यावरच्या इंग्रजी ओळींसकट (सबटायटल्स) ऐक, डोळ्यांनी वाचलेला शब्द कानालाही ओळखीचा होतो.

मराठी संज्ञांचं म्हणशील तर सोडू नकोस. विदारण, सच्छिद्रता, भूजल, अग्निज खडक या शब्दांनी तुझी समज बांधली आहे आणि नव्या शब्दाला टेकायला तीच जागा आहे. शंका आली की भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघड. उद्या भूजल सर्वेक्षणाच्या कामाला लागलीस तर अहवाल इंग्रजीत लिहायचा आणि ग्रामसभेत तोच मराठीत, कदाचित अहिराणीत सांगायचा, हे दोन्ही करावं लागेल.

राहिलं, रोज किती. नवे पाच-सहा शब्द, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाला एक वाक्य, शक्यतो तुझ्या तालुक्यातल्या जागेचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं आणि मग महिन्यानं उजवी बाजू झाकून अर्थ सांगून पाहा. जो अडला त्याचं चक्र पहिल्यापासून. प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका दर रविवारी एक सोडव आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तपास: भूशास्त्र येत नव्हतं, की वाक्य कळलं नव्हतं? दुसऱ्या कारणानं चुकलेल्या प्रश्नांतले शब्द सोमवारच्या यादीत घाल.